पाठमोरा अंबाडा

गेल्या फाल्गुनात वालावलला माझ्या भाचीचे लग्न झाले. लग्नाच्या चार दिवस आधी, ओटीवर नारळ मोजण्याचे काम चालले असताना, ती आपला फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, यातला एक निवडून दे." त्यात अंबाड्यांची साठ-सत्तर छायाचित्रे होती. आयुष्यभर मी कविता निवडत आले. कधी पाठ्यपुस्तकासाठी, कधी पारितोषिकासाठी, कधी निव्वळ भांडण उकरून काढण्यासाठी. अंबाडा निवडण्याचा प्रसंग मात्र पहिलाच. मी चष्मा पुसला आणि परीक्षकाच्या गांभीर्याने पाहू लागले. अर्ध्या तासाने माझ्या ध्यानात आले की, यातला एकही मला नापसंत करता येत नाही आणि एकही पसंत पडत नाही. असे का व्हावे याचा विचार करताना जे सुचले ते इथे मांडते आहे. हा विषय ज्यांना क्षुल्लक वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या कथेचे पान उघडावे.

ती सारी चित्रे पाठमोरी होती, आणि तरीही त्यांत पाठ नव्हती. मानेच्या खाली चित्र कापलेले, कानाच्या पुढे चित्र संपलेले. मधोमध केसांची एक रचना, बेकरीच्या काचेआड ठेवलेल्या केकसारखी. कुठे गुलाबकळ्यांची रांग, कुठे बटांची वेटोळी आणि त्यांच्या प्रत्येक घडीत एक खोटा मोती, कुठे जिप्सोफिलाचा पांढरा फेस. एक प्रकार तर मुद्दाम विस्कटलेला होता. वधू नुकतीच झोपेतून उठून बोहल्यावर आली आहे असे भासावे, यासाठी दोन तास खपावे लागतात म्हणे! आमच्या लहानपणी असे केस घेऊन कोणी ओटीवर आले असते तर आईने फणीच फेकून मारली असती. पण तो माझ्या पिढीचा पूर्वग्रह. तो बाजूला ठेवूनही मला काही तरी खटकत होते. ते काय, हे मला नव्हे, माझ्या काकीला सांगता आले.

काकी आता ऐंशीच्या पुढे आहे. आमच्या घरातल्या आणि वाडीतल्या कितीतरी मुलींचे अंबाडे लग्नाच्या सकाळी तिने बांधले आहेत. ती भिंतीला टेकून पाने पुसत होती. फोन तिच्यापुढे धरला तेव्हा तिने एक चित्र पाहिले, दुसरे पाहिले आणि म्हणाली, "बरो आसा. पण ह्या चेडू मान वाकवतला तेवां काय दिसतला?"

समीक्षेचा याहून नेमका प्रश्न मी विद्यापीठातही फारसा ऐकलेला नाही.

वधू लग्नात काय करते? ती वाकते. देवाला, वडीलधाऱ्यांना, होमापुढे, सप्तपदीच्या प्रत्येक तांदळाच्या राशीपाशी ती खाली पाहते. अंतरपाटापाशी ती वराकडे तोंड करून उभी असते, होमाकडे तोंड करून बसते, आणि मांडवातल्या निम्म्या माणसांना चार तास दिसते ती तिची पाठ, मान आणि अंबाडा. चेहरा सर्वांचाच असतो, कसाही असतो. त्याचे कौतुक करायचे तर समोर जावे लागते. अंबाडा मात्र मागे बसलेल्यांसाठी असतो. जिने तो घातला तिला तो दिसत नाही. आरशाला आरसा लावून पाहिला तरी दिसतो तो तुकडाच. दुसऱ्याच्या हातांनी घडलेली, दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असलेली आणि तरी आपल्या डोक्यावर वाहायची अशी दुसरी कुठली कला असेल, मला तरी सुचत नाही.

ही पाठमोरी दृष्टी आपल्याकडे फार जुनी आहे. पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या उत्खननात 1938 साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतात घडलेली. तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत, म्हणून मराठी माणसाने तिच्याकडे थोडे आपलेपणाने पाहायला हरकत नाही. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. वीतभर उंचीची ही बाई समोरून दागिन्यांनी भरलेली आहेच, पण कारागिराने तिला फिरवून पाठीवर उतरलेला केशसंभारही तितक्याच निगुतीने कोरला आहे. ती आरशाची मूठ होती असे काही अभ्यासक म्हणतात, एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय होती असे इतर म्हणतात. आरशाची मूठ असेल तर मला जास्त आवडेल. आरशात जे कधीच दिसणार नाही ते त्या मुठीवर कोरलेले!

आता रचनेविषयी. काकीची पद्धत मी लहानपणापासून पाहिली आहे. खोबरेल आदल्या रात्री. सकाळी लावले तर केस निसरडे होतात. मधोमध भांग, सगळे केस मानेवर, मग पीळ. पीळ देताना ती केस ओढत नसे, वाट दाखवावी तसे वळवीत असे. केस कमी असले तर गंगावन. त्याची लाज कोणाला नव्हती. पिळाचे वेटोळे पुरे झाले की टोक खाली दडपायचे आणि चार, फार तर सहा आकडे. वजन केसांवरच तोललेले असे. नंतर फुले येत ती या बांधणीवर बसायला, बांधणी लपवायला नव्हेत. वेणी किंवा वळेसर अंबाड्याच्या कडेने फिरे, कारण तिथे पिळाची कड असते आणि तिलाच आधार हवा असतो. सोन्याचे फूल किंवा केतक खोवायचे ते जिथे टोक दडपले आहे तिथे, कारण त्याच्या काट्याने ते टोक धरून ठेवायचे असते. दागिना आधी कामकरी होता, मग शोभिवंत झाला. राखडी, मूद, चंद्रकोर ही नावे आज संग्रहालयाच्या पाटीवर वाचायची वेळ आली असली, तरी त्यांच्या जागा कोणी लहरीने ठरवलेल्या नव्हत्या.

आपल्या साहित्यशास्त्राने 'अलंकार' हा शब्द दागिन्यांकडून उसना घेतला. मी तो थोडा वेळ त्याच्या मूळ घरी परत नेते. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडताना दाखला दिला तो दागिन्यांचाच: मेखला गळ्यात, हार कमरेला, नूपुरे हातांत घातली तर हसे होणारच. सारे दागिने खरे असतात, चूक असते ती जागेची. भाचीच्या फोनमधल्या अंबाड्यांत मला जे खटकत होते ते क्षेमेंद्राच्या भाषेत सांगता येते. तिथे मोती होते, पण कशाला धरून ठेवण्यासाठी नव्हते. फुले होती, पण पिळाची कड कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते. केसांची बांधणी आत जाळीच्या कडीवर आणि फवाऱ्यावर उभी, आणि दागिना बाहेर चिकटवलेला. विशेषणे आधी जमवून मग त्यांच्यासाठी नाम शोधणाऱ्या कवींच्या कविता मी पुष्कळ परत पाठवल्या आहेत. इथे तेच होते.

मग प्रश्न आला मेळाचा. कुडाळहून येणाऱ्या पार्लरच्या बाईंनी फोनवर सांगितले होते की शालूचे काठ जांभळे आहेत, तर अंबाड्यातली फुलेही जांभळी घ्यावीत, म्हणजे सगळे 'मॅचिंग' होईल. अशी कापडी फुले मिळतातही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या पुस्तकात संवाद, विरोध आणि समतोल यांची चर्चा केली आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर अंबाडा खचितच नसणार, पण तो नियम अंबाड्याला जितका चपखल लागतो तितका कित्येक नवकवितांना लागत नाही. काठ जांभळा म्हणून फूल जांभळे, हा संवाद नव्हे, ही पुनरुक्ती. काळ्या केसांवर पांढरा मोगरा हा विरोध, आणि त्या दोहोंमध्ये आबोलीचा रंग आला की समतोल. आबोलीला गंध नाही. पण ती हलकी आहे, लवकर कोमेजत नाही आणि वासाच्या फुलांशी स्पर्धा करीत नाही. म्हणून आमच्याकडे ती सर्वांशी नांदते.

सुरंगीचे तसे नाही. आरवली, आसोली या वेंगुर्ल्याकडच्या गावांत सुरंगीची झाडे आहेत, आणि फाल्गुनाच्या सुमारास फांद्यांना लगडून कळ्या येतात. उन्हे चढण्याआधी त्या काढायच्या, कारण उमललेली कळी वळेसरात नीट बसत नाही. दुकानात विकला जाणारा गजरा सुईदोऱ्याचा. सुरंगीच्या कळ्या मात्र हाताने गुंफल्या की आपल्याच अंगाने दाट बसतात. तिचा पिवळा रंग सोन्याजवळचा. म्हणून सुरंगीच्या शेजारी सोन्याचे फूल खोवले की दोन्ही मरतात. सोने पितळेसारखे दिसते आणि सुरंगी सुकल्यासारखी. हे काकीला ठाऊक होते, मला नव्हते. भाचीच्या आजीचे एक सोन्याचे गुलाबफूल घरात होते. ते घालायचे तर वर डाव्या अंगाला, वळेसर खाली उजवीकडून, आणि मध्ये काळे केस मोकळे ठेवायचे, असा निकाल काकीने दिला. ते मधले काळे मोकळे ठेवण्याला चित्रांच्या व्यवहारात काय म्हणतात मला ठाऊक नाही. कवितेत मी त्याला संयम म्हणत आले आहे.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक मला वेगळाच वाटतो. फोनमधला अंबाडा एका क्षणाचा आहे. तो पूर्ण झाला, फवारा मारला, छायाचित्र निघाले, त्याचे आयुष्य तिथे पुरे झाले; पुढचे तास तो केवळ टिकवायचा असतो. काकीचा अंबाडा त्या वेळी सुरू होत असे. सकाळच्या कळ्या मुहूर्ताला अर्ध्या उमलत, पंगतीच्या वेळी पुऱ्या, आणि वरात निघताना वास सर्वांत जास्त येई. म्हणजे त्यात काळ होता. या दृष्टीने अंबाडा चित्रकलेपेक्षा गायनाच्या जवळचा आहे. बालगंधर्वांनी मराठी स्त्रियांना केसांत फुले कशी माळावीत हे शिकवले असे आपण नेहमी म्हणतो, आणि ते खोटे नाही. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत चांगल्या घरांतल्या बायका त्यांच्या नेसण्या-माळण्याची नक्कल करीत. पण रंगभूमीवर तो टोपच होता, खाली पुरुषाचे डोके होते, आणि प्रयोग संपला की तो काढून ठेवला जाई. नटाची फुले उमलेपर्यंत कोणी थांबत नाही. त्यांनी आपल्याला अंबाड्याचे चित्र दिले, आणि चित्र पाहून अंबाडा बांधण्याची सुरुवात फोनने केलेली नाही, एवढेच मला यातून म्हणायचे आहे. आमच्या पडवीत रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी चौकटीत आहे. तिचे केस खांद्यावर मोकळे सुटलेले. तिच्याखालीच बसून आम्हाला दर संध्याकाळी बजावले जाई की दिवेलागणीला केस मोकळे सोडले तर लक्ष्मी घरात येत नाही.

शेवटी तडजोड झाली. अंबाडा पार्लरच्या बाई घालणार, पण खाली मानेवर; जांभळी फुले नाहीत, मोती नाहीत; आजीचे फूल आणि सुरंगीचे वळेसर. आदल्या रात्री माणूस पाठवून वळेसर सांगून ठेवले.

लग्न लक्ष्मीनारायणाच्या देवळात होते. वालावलचे हे देऊळ आणि त्याला लागून असलेले तळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सकाळच्या उजेडाचे वेगळे वर्णन नको. पहाटे चार वाजता बाई स्कूटरवरून आल्या. पंचविशी-तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे हात मी काकीच्या हातांसारखेच लक्ष देऊन पाहिले आणि मला माझी काही मते मागे घ्यावी लागली. भाचीचे केस पुढून पातळ आहेत. काकीने ते चापून बसवले असते आणि कपाळ उघडे पडले असते. या बाईंनी मुळांशी केस थोडे उचलून घेतले, आतून आधार दिला आणि चेहरा भरला. हे कौशल्य काकीकडे नव्हते. काकीचे अंबाडे दुपारच्या पंगतीपर्यंत सैल होत आणि कोणीतरी मावशी मागून सारखी आकडे खोचत फिरे; आठवणीत आपण ते सोयीस्करपणे विसरतो. या बाईंचा अंबाडा रात्री दहा वाजता सोडला तेव्हाही जागचा हललेला नव्हता. त्यातून एकेचाळीस आकडे निघाले. आम्ही मोजले.

चूक झाली ती मुंडावळ्यांपाशी. मुंडावळ्यांची गाठ डोक्याच्या मागे पडते. जुन्या अंबाड्यात ती पिळाच्या वर, मानेच्या खळग्यात आपोआप बसते. इथे उचललेल्या केसांमुळे तो खळगाच उरला नव्हता. बाईंनी गाठ न मारता दोन्ही टोके कानशिलांवर आकड्यांनी अडकवली. दिसायला सुबक. पण तिसऱ्या मंगलाष्टकाला डावी बाजू सुटली, आणि उरलेली मंगलाष्टके भाचीने एका हातात हार आणि एका हातात मुंडावळी धरून ऐकली. अक्षता पडल्या त्या फवाऱ्याला चिकटून बसल्या. रात्री एकेक दाणा काढावा लागला. काकीचा प्रश्न आठवला: वाकल्यावर काय दिसेल? वाकल्यावर ठीकच दिसत होते. वरून काही पडल्यावर काय होईल, हे मात्र कोणत्याच छायाचित्राला विचारता येत नव्हते.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा लेख जुन्याच्या बाजूने सरळ झुकला असता. पण पहाटे त्या खोलीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती घडली हे माझ्याही उशिरा लक्षात आले.

काकी तिशीच्या आतच विधवा झाली. तिचे केस कोणी काढले नाहीत. केशवपनाचा काळ तोवर सरला होता; 1890 साली मुंबईत नाभिकांनीच विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला होता आणि नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. केस राहिले, फूल गेले. आणि तरी वाडीतल्या मुली अंबाड्यासाठी तिच्याकडेच येत, कारण तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. ती माजघरात बसून अंबाडा बांधी. बांधून झाला की उठून बाजूला होई. मग कोणीतरी सवाष्ण येऊन वेणी माळी, आणि ती बहुधा वाकडी माळी. काकी दारातून पाहत असे. लहानपणी मला वाटे, काकीला फुले लावता येत नाहीत. ज्या रचनेचे मी वर एवढे गुणगान केले, जिच्यात बांधणी आणि शोभा एकजीव असतात असे मी म्हटले, ती घडवणारीला शेवटची ओळ लिहिण्याची मनाई होती. मघाशी मी संयम म्हटला; तो शब्द मी काकीच्या बाबतीत वापरणार नाही.

त्या पहाटे बाईंनी अंबाडा घातला, सोन्याचे फूल खोवले आणि लगेच वळेसरही माळले. ते सरळ बसले होते. त्या सवाष्ण आहेत की नाहीत, हे त्यांना कोणीही विचारले नाही. पैसे ठरले होते, त्यांचे ते काम होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचे अनुकरण करायला सांगितले, तेव्हा मी त्यावर एका सभेत चांगले अर्धा तास बोलले होते. आमच्या घरातली ती रीत मात्र ठरावाने मोडली नाही, भाषणानेही नाही. ती एका स्कूटरवरून आलेल्या बाईंनी, तिच्याकडे लक्षही न देता मोडली. ज्या धंद्यावर मी दोन पाने टीका केली त्याचे हे ऋण मला मान्य केलेच पाहिजे. काकी दारातच उभी होती. "बरा बसला," एवढेच म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता आत गेली.

मग भाचीने वळेसराचे उरलेले वीतभर टोक कात्रीने कापले आणि आपल्या आईसमोर धरले. माझा भाऊ जाऊन चार वर्षे झाली. वहिनी आरशापुढे नव्हती, पेटीवर बसून ओट्यांचे खण मोजत होती. "माका नको गो," ती म्हणाली. "आई, घाल." "नको. भायर लोकां आसत." भाचीने माझ्याकडे पाहिले. मी आत्या, घरात माझ्या शब्दाला मान आहे, आणि मी चार पुस्तके लिहिली आहेत. मला म्हणता आले असते, वहिनी, घाला. मी मुंडावळ्या कुठे आहेत ते शोधायला लागले.

वहिनीने ते टोक घेतले, रुमालात गुंडाळले आणि रुमाल कमरेला खोवला.

मुहूर्तावर माझी जागा तिच्या मागे होती. तिचा अंबाडा लहान, नीट, मोकळा. चार आकडे, बाकी काही नाही. होम सुरू झाला, ऊन देवळाच्या पायऱ्यांवरून आत आले, कळ्या उमलल्या असाव्यात. भाची दहा हात लांब होती आणि मध्ये धूर होता. तरी सुरंगीचा वास अगदी जवळून येत होता. माझ्या शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारले की, तुम्ही सुरंगी माळली आहे का.

मी नाही म्हटले.